फूल की दोन पानं? एका रस्त्यावरचे दोन प्रश्न

जे वाचताय त्यांच्यासाठी, हा आजच्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना जिथे अडखळलो, जिथे 'म्हणजे, म्हणजे' फार झालं, तेवढं काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय सुरू झाला एका गाडीत. आम्ही चौघं मित्र कोल्हापूरहून गोव्याला निघालो होतो. रस्ता तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. निपाणी, बेळगाव, मग जांबोटीवरून चोर्ला घाट, आणि घाट उतरलं की साखळी. बेळगावात माझी मावशी असते. तिच्याकडे पोहे खाल्ले, कुंद्याचा डबा घेतला आणि पुढे निघालो. घाट लागायच्या आधी मागच्या सीटवरून एकजण बोलला, "काय यार, बेळगाव आपलं, गोवा पण आपलाच. दोन्ही गेलं हातातून."

गाडी चालवणारा मित्र डिचोलीचा. त्यानं आरशातून मागे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "गेलं म्हणजे? आम्हाला विचारलं होतं. आम्ही नको म्हणून सांगितलं."

पुढचे दोन-तीन किलोमीटर कुणी बोललं नाही. खरं सांगायचं तर आम्हा तिघांनाही हे नीट माहीत नव्हतं. शाळेत संयुक्त महाराष्ट्राची चळवळ शिकलो, १०५ हुतात्मे, १ मे १९६०, सगळं पाठ. गोव्याच्या लोकांनी मत देऊन महाराष्ट्रात यायला नकार दिला, हे मात्र पुस्तकात कुठे ठळक वाचल्याचं आठवत नाही. म्हणून परत आल्यावर बसून वाचलं. आज तेच तुमच्यासमोर मांडतोय. आणि मांडता मांडता बेळगावला परत जायचंय, कारण माझ्या मते हे दोन्ही प्रश्न एकत्र ठेवल्याशिवाय नीट कळतच नाहीत.

आधी घटनाक्रम

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाला. महाराष्ट्र राज्य तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं होतं. भाषेवर राज्यं करायची, हे सूत्र ताजं होतं आणि त्यासाठी माणसांनी जीव दिला होता. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या बहुतेकांना पुढचं गणित सोपं वाटत होतं. गोव्यात मराठी वाचतात, मराठी कीर्तनं होतात, मराठी नाटकं होतात, मग गोवा महाराष्ट्रात यायला हवा. कोकणी ही मराठीचीच बोली, असं त्या काळी महाराष्ट्रात सर्रास म्हटलं जायचं.

१९६३ च्या डिसेंबरमध्ये गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली. देशभर काँग्रेसचं राज्य, नेहरू पंतप्रधान, आणि गोव्यात काँग्रेसला एकही जागा नाही! खरी लढत झाली दोन नव्या स्थानिक पक्षांत. एक महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगोप. नेते दयानंद बांदोडकर, लोकांचे भाऊसाहेब. त्यांना गोवा महाराष्ट्रात न्यायचा होता. दुसरा युनायटेड गोवन्स. नेते जॅक सिक्वेरा. त्यांना गोवा वेगळा ठेवायचा होता. युनायटेड गोवन्सला १२ जागा मिळाल्या, मगोप सगळ्यांत मोठा पक्ष ठरला आणि भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले.

मगोपचं म्हणणं होतं, की आम्ही विलीनीकरणाच्या मुद्द्यावर निवडून आलो, म्हणजे लोकांनी कौल दिला. १९६५ मध्ये विधानसभेनं तसा ठरावही केला. विरोधकांचं म्हणणं वेगळं होतं. आमदार निवडताना माणूस दहा गोष्टी बघतो, उमेदवार बघतो, जात बघतो, गावातली भांडणं बघतो. एका प्रदेशाचं अस्तित्वच पुसायचं असेल तर तेवढा एकच प्रश्न लोकांना थेट विचारा. हा आग्रह सिक्वेरांनी दिल्लीत लावून धरला. नेहरू गेले, शास्त्रीजी आले, तेही गेले, इंदिरा गांधी आल्या. शेवटी डिसेंबर १९६६ मध्ये संसदेनं खास कायदा केला. नाव 'ओपिनियन पोल', आपल्याकडे त्याला जनमत कौल म्हणतात.

विलीनीकरण कुणाला हवं होतं?

इथे जरा थांबू, कारण हा भाग आपण नेहमी गाळतो. आपल्याला वाटतं, ज्यांना महाराष्ट्र हवा होता त्यांना मराठीच्या प्रेमापोटी हवा होता. प्रेम होतंच, त्यात शंका नाही. पण त्याच्या खाली जमीन होती.

गोव्यात जमीन मोजक्या भाटकारांच्या हातात होती. कसणारी कुळं वेगळी. आणि मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जागेत घर बांधून राहणारा माणूस. घर त्याचं, खालची जमीन मालकाची. मालक रुसला तर उद्या राहायचं कुठे, हा प्रश्न. ही बहुतेक माणसं बहुजन समाजातली. शेजारी महाराष्ट्रात कूळकायदा आलेला, कसेल त्याची जमीन ही घोषणा कानावर येत होती. त्यांच्या दृष्टीनं महाराष्ट्र म्हणजे भाटकाराच्या जाचातून सुटका. भाऊसाहेब स्वतः खाणमालक होते, पण बहुजन समाजातून वर आलेले. त्यांनी गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. ज्या घरात कधी कुणी पाटी धरली नव्हती, तिथली मुलं शाळेत गेली. अशा घरातल्या माणसाला 'मराठी' हा शब्द कसा ऐकू येत असेल, याचा विचार करा. त्याच्यासाठी तो पुढे जायचा रस्ता होता.

माझ्या मित्राचे आजोबा याच घरांपैकी एका घरातले. ऐंशी पार केलेले, कान थोडे कमी, बाकी ठणठणीत. ते विलीनीकरणाच्या बाजूचे होते. त्यांच्याकडे परत येऊ.

आणि नको कुणाला होतं?

पहिलं उत्तर सगळे देतात, की ख्रिश्चनांना नको होतं. ते खरं आहे, पण अर्धंच. सासष्टीसारख्या ख्रिस्ती बहुसंख्य तालुक्यात विरोध प्रचंड होता. पण आकडा बघा. त्या काळी गोव्यात हिंदू सुमारे साठ टक्के. मतदान निव्वळ धर्मावर झालं असतं तर विलीनीकरण आरामात जिंकलं असतं. ते हरलं, याचा अर्थ हजारो हिंदूंनीही वेगळ्या गोव्याला मत दिलं.

का दिलं असेल? एक म्हणजे, गोवा महाराष्ट्रात गेला की एक जिल्हा होणार. आज पणजीत मंत्री भेटतो, उद्या प्रत्येक कागदासाठी मुंबईची बस पकडावी लागणार. दुसरं, नोकऱ्या. मुक्तीनंतर बाहेरून प्रतिनियुक्तीवर अधिकारी आले होते, वरच्या खुर्च्यांवर तेच दिसत होते आणि सुशिक्षित तरुण गोवेकरांच्या मनात ते सलत होतं. तिसरं, महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदीचा कायदा होता. आपल्याला आज हसू येईल, पण माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेराला आणि काजूची भट्टी लावणाऱ्याला त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्याची चूलच त्यावर पेटायची. आणि चौथं, कोकणी. आपण घरात जे बोलतो त्याला कुणीतरी येऊन 'ती भाषाच नाही, बोली आहे' म्हणतं, हे ऐकून घ्यायला माणसं तयार नव्हती.

आता यातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट सांगतो. विलीनीकरणाच्या विरोधात हिंदू वाचकांपर्यंत पोचायचं तर कोणत्या भाषेत पोचायचं? वाचायला तर लोक मराठी शिकलेले. म्हणून मडगावहून 'राष्ट्रमत' नावाचं दैनिक निघत होतं, ते मराठीत होतं. त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहायचे, तेही मराठीत. महाराष्ट्रात जाऊ नका, हे गोव्याला मराठीतून पटवून दिलं गेलं. उल्हास बुयांव गावोगावी जाऊन कोकणी गाणी म्हणायचे, ती गाणी लोकांच्या तोंडी बसली. पण अग्रलेख आणि वादविवाद मराठीत. मराठी आवडणं आणि महाराष्ट्रात जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गोंधळ आपल्या बाजूला होता.

१६ जानेवारी १९६७

मतदानाआधी भाऊसाहेबांच्या सरकारनं राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. सत्तेत बसून मतदान फिरवलं असं कुणी म्हणू नये म्हणून. आज हे वाचताना दोनदा वाचावं लागतं, पण झालं तसं.

मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती. महाराष्ट्रात जायचं असेल तर फूल. केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचं असेल तर दोन पानं. दमण आणि दीवमध्येही मतदान झालं, तिथे पर्याय गुजरात की केंद्रशासित प्रदेश असा होता.

गोव्यात सुमारे ८२ टक्के लोकांनी मतदान केलं. फुलाला १,३८,१७० मतं. दोन पानांना १,७२,१९१ मतं. फरक ३४,०२१. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या बाजूला फुलाचा जोर होता, तरी एकूण बेरजेत दोन पानं पुढे गेली.

काही जण याला भारतातलं एकमेव सार्वमत म्हणतात. त्यात थोडी दुरुस्ती हवी. जुनागढमध्ये फेब्रुवारी १९४८ ला आणि सिक्कीममध्ये एप्रिल १९७५ ला मतदान झालं होतं, पण ते भारतात यायचं की नाही याबद्दल होतं. आधीच भारतात असलेल्या प्रदेशाला 'तुम्हाला शेजारच्या राज्यात जायचंय का?' असं विचारणारं मतदान मात्र गोवा, दमण आणि दीवचंच.

आणि सगळं आदर्श होतं असंही नाही. मुंबईत आणि बाहेर राहणाऱ्या हजारो गोवेकरांना मत देता आलं नाही, तशी मागणी झाली होती तरी. पूर्ण राज्याचा दर्जा हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. प्रश्न कोण लिहितो आणि यादीत कोण असतो, यावर उत्तर बरंच ठरतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हरलेल्यांचं काय झालं?

बघा, ही गोष्ट मला आधी अजिबात माहीत नव्हती. जनमत कौलानंतर दोन-अडीच महिन्यांत, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. कोण जिंकलं? मगोप! तोच पक्ष, तेच भाऊसाहेब. ३० पैकी १६ जागा.

म्हणजे लोकांनी काय सांगितलं? महाराष्ट्रात जायचं नाही, पण तुमचं सरकार आम्हाला हवंय. शाळा काढा, कुळांचं बघा, पण पणजीतून बघा. दोन प्रश्न वेगळे विचारले तेव्हा दोन वेगळी उत्तरं आली. एकाच निवडणुकीत सगळं कोंबलं असतं तर हे कधीच कळलं नसतं.

भाऊसाहेब १९७३ मध्ये गेले तोवर मुख्यमंत्री होते. त्यांच्यानंतर त्यांची मुलगी शशिकला काकोडकर १९७९ पर्यंत. त्यांच्याच काळात १९७५ ला मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि १९७६ ला कूळकायद्यात दुरुस्ती होऊन कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला. ज्या जमिनीच्या आशेनं लोकांनी फुलावर शिक्का मारला होता, ती आशा दोन पानांच्या गोव्यात पुरी व्हायला लागली.

मित्राच्या घरी आम्ही संध्याकाळी पोचलो. आजोबा सोप्यावर बसलेले. मी धीर करून विचारलं, "आजोबा, हरलात तेव्हा वाईट वाटलं?" ते म्हणाले, "रात्री जेवण गेलं नाही." मग जरा वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "हारलों रे, पूण आमकां विचारलें तरी."

भाषेचा वाद मात्र एका मतदानानं मिटला नाही, हेही सांगायला हवं. १९८५ नंतर राजभाषा कोणती यावरून गोवा पेटला, १९८६ च्या आंदोलनात माणसं मेली. ४ फेब्रुवारी १९८७ ला कायदा झाला. देवनागरीतली कोकणी राजभाषा, आणि सरकारी कामात मराठीच्या वापराची सोय. त्याच वर्षी ३० मे ला गोवा राज्य झालं. १९९२ मध्ये कोकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. मराठीचा दर्जा आणि रोमी लिपीतली कोकणी यावर आजही तिथे वाद होतात. पण गोवा महाराष्ट्रात जावा का, यावर आता कुणी भांडत नाही. तो प्रश्न संपला. हरलेल्यांनीही तो संपवला.

त्याच महिन्यांत, बेळगाव

आता गाडी उलटी फिरवू आणि घाट चढून परत बेळगावला जाऊ.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. चंदगड तालुका तेवढा काढून बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकला दिला गेला. चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. एका तालुक्यातली घरं इकडे आणि त्यांचे पाहुणे तिकडे, असं रातोरात झालं. त्या दिवसापासून सीमाभागातली मराठी माणसं १ नोव्हेंबर काळा दिवस म्हणून पाळतात आणि कर्नाटक तोच दिवस राज्योत्सव म्हणून साजरा करतं. तारीख एकच.

महाराष्ट्राची मागणी होती की सीमा ठरवताना चार गोष्टी बघा. जिल्हा नको, खेडं हा घटक धरा. गावं एकमेकांना लागून असावीत. त्या गावात कोणती भाषा बोलणारे जास्त आहेत ते बघा. आणि लोकांची इच्छा विचारात घ्या. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेसाठी पाटसकरांनी अशीच पद्धत वापरली होती.

१९६६ मध्ये सेनापती बापटांनी उपोषण केलं आणि त्यानंतर ऑक्टोबरमध्ये केंद्रानं माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. तारखांकडे लक्ष द्या. ऑक्टोबर १९६६ ला महाजन आयोग. डिसेंबर १९६६ ला गोव्याच्या जनमत कौलाचा कायदा. जानेवारी १९६७ ला मतदान. तीच दिल्ली, त्याच पंतप्रधान, दोन्ही प्रश्न मराठीशी जोडलेले, मध्ये फक्त एक घाट. घाटाच्या खाली लोकांना विचारलं. घाटाच्या वर एका न्यायमूर्तींना विचारलं.

१९६७ मध्ये आयोगाचा अहवाल आला. निपाणी, खानापूर धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, २४७ गावं कर्नाटकला द्यावीत, आणि बेळगाव शहर कर्नाटकातच राहावं. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. कर्नाटक म्हणतं, हाच अंतिम. झालं, तिथेच गाडी रुतली. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, ८६५ गावांसाठी. दोन दशकं उलटली, निकाल नाही. कर्नाटकनं बेळगावात सुवर्ण विधानसौध बांधलं, २०१४ ला नाव बेळगावी केलं. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही विधानसभांनी एकमेकांविरुद्ध एकमतानं ठराव केले. ठराव करायला दोन्हीकडे सगळे पक्ष एक होतात. पुढे काय, ते विचारायचं नाही.

मग तिथेही मतदान का नाही?

इथपर्यंत आल्यावर तुम्ही म्हणाल, सोपं आहे, घ्या मतदान! मलाही आधी तसंच वाटलं. पण नीट विचार केला की तीन अडचणी दिसतात.

पहिली अडचण कायद्याची. घटनेच्या कलम ३ नुसार राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार संसदेचा आहे, तोही साध्या बहुमतानं. संबंधित विधानसभेचं मत मागवायचं असतं, संमती लागत नाही. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेनं विभाजनाचं विधेयक नाकारलं, तरी तेलंगण झालं. आणि लोकांना थेट विचारण्याबद्दल तर कलम ३ मध्ये काहीच नाही. गोव्यासाठी म्हणूनच वेगळा कायदा करावा लागला.

दुसरी अडचण, मोजायचं कुठे? गोव्याची सीमा पोर्तुगीजांमुळे आधीच आखलेली होती. आत कोण, बाहेर कोण, वाद नव्हता. बेळगावात सीमा हाच वाद आहे. गाव धरलं तर एक निकाल, तालुका धरला तर दुसरा, जिल्हा धरला तर तिसरा. चौकट कोण ठरवणार त्यावर जिंकणारा ठरतो.

तिसरी अडचण वेळेची. विचारायचं कुणाला? १९५६ मध्ये जे तिथे राहत होते त्यांना, की आज राहतात त्यांना? जवळपास सत्तर वर्षं गेली. कन्नड शाळेत शिकलेली, नोकरीसाठी कन्नड लागतं म्हणून ती अस्खलित बोलणारी मराठी मुलं आज तिथे आहेत. महाराष्ट्र एकीकरण समितीचे कधीकाळी तिथून दणक्यात आमदार निवडून यायचे, २०१८ आणि २०२३ ला एकही आला नाही. याचा अर्थ लोकांची इच्छा बदलली, की थकली, की नुसती फुटली? खरं सांगू, मतपेटीत तो एकच प्रश्न टाकल्याशिवाय हे कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही. मुंबईतल्या नेत्याला नाही, बंगळुरूतल्या नाही आणि मोबाईलसमोर बोलणाऱ्या मलाही नाही.

आणि एक चौथी गोष्ट, ती आपल्या घरातली. महाजन अहवालानं कर्नाटकला जी गावं द्यायला सांगितली त्यात अक्कलकोट आहे, जत आणि दक्षिण सोलापूरमधली गावं आहेत. तिथे कन्नड बोलणारी पुष्कळ माणसं आहेत. जत तालुक्यातल्या काही गावांनी तर पाण्याला कंटाळून 'आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या' असे ठरावसुद्धा केले होते. आता बेळगावला 'लोकांना विचारा' म्हणायचं असेल तर जतला काय म्हणणार? 'त्यांना नका विचारू'? लोकेच्छा हे तत्त्व असेल तर ते दोन्ही बाजूंना लागू होतं. फक्त आपल्या सोयीचं असेल तिथेच लागू करायचं असेल, तर मग ते तत्त्व राहत नाही, डाव होतो. जतच्या माणसाला महाराष्ट्रात ठेवायचा खात्रीचा उपाय म्हणजे त्याच्या शेतात पाणी पोचवणं. तसंच बेळगावच्या मराठी माणसाला मराठीत कागदपत्रं, मराठीत शाळा आणि मराठीत पाटी मिळाली, जो भाषिक अल्पसंख्याक म्हणून त्याचा हक्कच आहे, तर नकाशाची निम्मी आग तिथेच शांत होईल असं मला वाटतं. निम्मी म्हणतोय, सगळी नाही.

'आपलं' म्हणजे काय?

मागच्या सीटवरच्या मित्राचं वाक्य आठवा. "बेळगाव आपलं, गोवा पण आपलाच." या वाक्यात जमीन आहे, किल्ले आहेत, समुद्रकिनारा आहे. माणसं कुठे आहेत?

मी स्वतः हे वाक्य शंभर वेळा बोललोय. बोलताना छान वाटतं. पण डिचोलीच्या सोप्यावर बसून ते मला बोलता आलं नसतं. कारण समोरच्या माणसानं माझ्याच बाजूनं मत दिलं होतं, तो हरला होता, आणि तरी शेजाऱ्यांचा निकाल मान्य करून साठ वर्षं त्यांच्यासोबत सुखानं राहिला होता. घरात मराठी पोथी आहे, भजन मराठी, नातवंडांशी बोलणं कोकणी, रेशनकार्ड गोव्याचं. महाराष्ट्रात न जाता त्यांची मराठी कुठे गेली नाही.

हा प्रश्न फक्त राज्यांचाही नाही, बरं का. पुण्याच्या महापालिकेत २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं घेतली. तुमच्यापैकी कुणी त्या गावांतले असाल तर सांगा, कर वाढणार, ग्रामपंचायत जाणार, हे ठरवताना तुमच्या ग्रामसभेचं मत कितपत मोजलं गेलं? सीमा गावाची असो की राज्याची, ती बदलते तेव्हा तुमचा दाखला, तुमची शाळा, तुमचा नळ बदलतो. मग त्यात तुमचं मत नको?

परतीच्या वाटेवर आम्ही पुन्हा मावशीकडे थांबलो. मी तिला आजोबांची गोष्ट सांगितली. फूल, दोन पानं, सगळं. ती ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. गॅस बंद केला आणि म्हणाली, "बरं झालं की त्यांचं. आमाला कोण विचारलंय?"

बेळगावची मराठी अशीच आहे, कन्नडच्या वळणाची. 'कुणी विचारलंय' ऐवजी 'कोण विचारलंय'. माझी मावशी गेली चाळीस वर्षं दोन्ही भाषांत भाजी आणते, दोन्ही भाषांत भांडते. तिला कुठल्या राज्यात राहायला आवडेल, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. तिनं उत्तर दिलं, पण ते इथे सांगत नाही. ते तिचं मत आहे, आणि मत गुप्त असतं.

तुम्ही सीमाभागातले असाल, किंवा तुमच्या घरात १९६७ ला मतदान केलेलं कुणी असेल, तर एक करा. या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, तेव्हा काय वाटलं होतं. जमलं तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. त्या वेळी मत द्यायला वय एकवीस लागायचं, म्हणजे आज ही माणसं ऐंशीच्या घरात आहेत. पुढच्या भागासाठी आपल्याकडे वेळ आहे. त्यांच्याकडे किती आहे, माहीत नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.